तेरावी गाठ

माझा चष्मा ताईंच्या गरम पाण्यात पडला तेव्हा मी एक विनोद सांगत होतो. विनोद कोणता होता ते आता आठवत नाही, कारण तो मला कोणी पुरा करू दिला नाही. बुडुक असा आवाज झाला आणि समोरचं सगळं जग एकदम लोण्यासारखं मऊ दिसायला लागलं. मी घाईघाईनं बोटं घालून चष्मा बाहेर काढला. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी तो झटकला, आणि झटकला तोही त्याच पाण्यावर.

"लेखनिक," ताई म्हणाल्या, "चष्म्याला दोरी बांधा. नाहीतर तोंडाला."

हे गरम पाणी म्हणजे चहाचं आधण नव्हतं, हे आधी सांगायला हवं. आमच्या इस्पितळाच्या तळघरात एक प्रयोगशाळा आहे. वर शस्त्रक्रिया करून माणसाच्या पोटातून जे काही काढतात ते खाली आमच्याकडे येतं. त्याचे तुकडे मेणात बसवतात, मेणाचा काडेपेटीएवढा ठोकळा करतात, आणि मग ताई तो ठोकळा यंत्राच्या पात्यावर चढवून त्याच्या चकत्या काढतात. चकत्या म्हणजे किती पातळ? आपल्या एका केसाच्या जाडीत वीस-बावीस सहज बसाव्यात अशा. त्या चकत्यांची एकाला एक जोडलेली फीत होते. ती कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या जाऊन ताणून बसते, आणि मग ताई खालून काच घालून ती अलगद उचलतात. साय उचलावी तशी. पुढे त्या काचेला रंग देतात, डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून पाहतात आणि बोलतात, आणि ते बोलतात ते मी टाइप करतो. माझा हुद्दा टंकलेखक. 'लेखनिक' हे ताईंनी दिलेलं नाव. त्यात मान किती आणि टोमणा किती हे मी कधी मोजून पाहिलं नाही.

ताईंना आम्ही समोर ताई म्हणायचो आणि पाठीमागे 'धार'. पाण्याची नव्हे, पात्याची. सव्वीस वर्षं त्यांनी पातं चालवलं आणि त्यातलं निम्मं तोंडात ठेवलं. नवीन आलेला डॉक्टर एकदा म्हणाला, "ताई, ही चकती जरा जाड वाटते." ताई म्हणाल्या, "चकती बरोबर आहे, डॉक्टर. तुमची समज जरा पातळ कापून आणा." तो आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या दारावरून गेला नाही. पण त्याच डॉक्टरच्या बायकोच्या स्तनातली गाठ तपासायला आली तेव्हा तो ठोकळा घेऊन सरळ ताईंसमोर उभा राहिला. म्हणाला, "दुसऱ्या कोणाला देऊ नका."

ताईंना सगळ्यात तिटकारा होता तो फ्लोटरचा. हा शब्द आमच्या तळघरात शिवीसारखा वापरतात. एका रुग्णाच्या चकतीचा कण पाण्यात मागे राहतो आणि पुढच्या रुग्णाच्या काचेवर जाऊन चिकटतो, तो फ्लोटर. तरंगत आलेला आगंतुक. एखाद्या धडधाकट माणसाच्या काचेवर दुसऱ्याचा कर्करोग जाऊन बसला तर काय होईल, विचार करा. म्हणून प्रत्येक ठोकळ्यानंतर ताई पाण्यावरून टीपकागद फिरवायच्या, आणि शंका आली तर पाणीच बदलायच्या. "माझ्या पाण्यातनं आजवर कुणाचं कुणाकडे गेलेलं नाही," असं त्या सांगायच्या. दुसरी एखादी बाई आपल्या हातचं लोणचं कधी बिघडत नाही असं सांगते ना, तसं.

आणि अशा पाण्यात मी चष्मा पाडला होता. तोही कोणत्या दिवशी, तर त्यांच्या धाकट्याच्या गाठी कापायच्या दिवशी.

धाकटा म्हणजे ताईंचा सख्खा भाऊ. नऊ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ताई पंधराच्या. तेव्हापासून त्याची शाळा, डबा, नखं, गृहपाठ, मार, सगळं ताईंनीच केलं. मोठा होऊन तो लिफ्ट दुरुस्त करायला लागला. आमच्या इस्पितळाची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकायची, तिचं तसं व्रतच होतं. मग धाकटा यायचा आणि खाली लिफ्टच्या उभ्या बोगद्यात उतरून गाणी म्हणत काम करायचा. त्याचा आवाज सगळ्या मजल्यांवर ऐकू यायचा. बायका बाळंत होत असतानाही ऐकू यायचा. ताई तळघरातून ओरडायच्या, "अरे, माणसं मरतायत वर, गप्प बस." तो खालून म्हणायचा, "लिफ्ट चालू झाली की खाली आणतो त्यांना."

त्याची बोटं बघण्यासारखी होती. अंधारात, डोळ्यांनी न बघता, मुगाएवढा स्क्रू बरोबर त्याच्या भोकात बसवायचा. म्हणायचा, "काका, माझे डोळे बोटांना आहेत." मी म्हणायचो, "मग चष्मा कुठं लावणार?" हे आमचं ठरलेलं. दरवेळी तो हसायचा. माझ्या विनोदांना ठरवून हसणारी माणसं आयुष्यात फार भेटली नाहीत.

एकेचाळिसाव्या वर्षी त्याला संडासातून रक्त पडायला लागलं. चार महिने त्यानं ते मूळव्याध म्हणून खपवलं. ताईंना कळलं तेव्हा त्यांनी त्याला भर व्हरांड्यात दोन कानाखाली लावल्या आणि हाताला धरून तपासायला नेलं. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, वीतभर आतडं आणि त्याच्या बाजूची चरबी बादलीत घालून खाली आली. झाकणावर ताईंच्या माहेरचं आडनाव होतं.

डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्ही रजा घ्या. हे आम्ही बघतो."

"कोण बघणार? तो नवा मुलगा? तो फीत काढतो की चिंध्या काढतो ते आधी ठरवा." आणि त्यांनी हातमोजे चढवले.

आतड्याच्या कर्करोगात खरा प्रश्न गाठ किती मोठी हा नसतो. ती घरातून बाहेर पडली का, हा असतो. बाहेर पडली की पहिल्यांदा जाते ती बाजूच्या चरबीतल्या बारीक रसगाठींत. म्हणून त्या गाठी शोधून काढायच्या आणि एकेक तपासायची. किमान बारा तरी सापडायला हव्यात असा नियम आहे. बाराच्या बारा स्वच्छ असल्या तर माणूस टाके काढून घरी जातो. एकीत जरी रोग सापडला तरी सहा महिने औषधाच्या सुया. धाकट्याला त्या सुयांची भीती नव्हती, सुयांनंतरच्या बोटांची होती. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की त्या औषधानं बोटं बधिर होतात, काहींची कायमची. शस्त्रक्रियेआधी मला म्हणाला, "काका, केस गेले तर टोपी घालीन. बोटं गेली तर काय घालू?"

डॉक्टर आणि ताई मिळून गाठी शोधायला बसले. चरबी चिमटीत घेऊन चोळायची, बोटाला दाणा लागला की काढायचा. दोन तासांत बारा मिळाल्या. डॉक्टरांनी हातमोजे काढले. "झाल्या बारा. पुरे, ताई."

ताई चोळतच होत्या. "लहानपणी ह्याच्या डोक्यातल्या उवा मीच वेचायची," त्या म्हणाल्या. "एक राहिलीय असं कधी झालं नाही." आणि तिळाएवढा एक दाणा काढून त्यांनी ताटलीत ठेवला. तेरावी. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो येतो तेव्हा असाच येत असेल, कोणी न बोलावता, कामसू माणसाच्या हातून.

दोन दिवसांनी मेणाचे ठोकळे तयार झाले आणि ताई कापायला बसल्या. त्यांनी बारा गाठी उरकल्या. तेवढ्यात घाईचं म्हणून एका शिंपीकाम करणाऱ्या बाईंच्या आतड्याच्या गाठीचा ठोकळा मध्ये आला, तोही कापला. शेवटी तेरावीची फीत पाण्यावर सोडायची तयारी चालू होती. ताईंच्या कपाळावर आठी होती. ती घालवावी म्हणून मी पाण्यावर वाकून विनोद सांगायला लागलो. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

"बाहेर व्हा," एवढंच त्या म्हणाल्या. मी बाहेर जाऊन चष्म्याला चिकटलेलं मेण नखानं खरवडलं, साबणानं काचा धुतल्या, सदऱ्याला पुसल्या, आणि दहा मिनिटांनी मान खाली घालून परत आलो. तोवर तेरावी गाठ काचेवर चढली होती आणि ताई पाण्याकडे बघत स्वस्थ बसल्या होत्या. त्यांना स्वस्थ बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ताईंना बोलावलं. मी टंकयंत्रावर होतोच.

"बारा स्वच्छ आहेत," डॉक्टर म्हणाले. ताईंनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "तेरावीत एक ठिपका आहे. कर्करोगाच्याच पेशी आहेत, पण अगदी काठावर. आतल्या की बाहेरून चिकटलेल्या, सांगता येत नाही. फ्लोटर वाटतो मला."

माझं काळीज सुपाएवढं झालं. आयुष्यात माझ्या हातून पुष्कळ चुका झाल्या, पण उपयोगी अशी एकही नाही. ही पहिली. मी उभाच राहिलो. "डॉक्टर, माझा चष्मा पडला होता त्या पाण्यात. नेमका तेरावीच्या वेळी. शिंपीणबाईंचा ठोकळा आधी झाला होता. मी तो वर पाण्यावर झटकलाही."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. भला माणूस, पण थकलेला. दिवसाला साठ काचा बघायचा आणि ताईंना तर तो घाबरायचाच. "मग झालं की! बाहेरचा कण म्हणून सोडून देऊ. बारांचा नियम पुरा झालाय, बारा स्वच्छ आहेत. लेखनिक, लिहा—"

"पाणी बदललं होतं," ताई म्हणाल्या.

डॉक्टर त्यांच्याकडे वळले.

"कधी?"

"चष्मा काढल्याबरोबर. सगळं ओतून टाकलं, नवीन घेतलं."

"ताई, गडबडीत... नक्की आठवतंय?"

"सव्वीस वर्षांत माझ्या पाण्यातनं कुणाचं कुणाकडे गेलेलं दाखवा, मग नक्कीचं विचारा."

"तुमचा भाऊ आहे तो," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

"मला माहितीय कोण आहे. मी त्याचं ढुंगण धुतलंय. ठोकळा परत कापते, खाली खोलवर. आणि तुमचा तो तपकिरी रंग लावा त्याला. शिंपीणबाईंच्या गाठीलाही लावा, शेजारी ठेवा."

तपकिरी रंगाचं थोडं सांगतो. डॉक्टरांनी वर्षभर एका जनुकाचा नाद घेतला होता. त्याला ऑन्कोजीन म्हणतात. डॉक्टरांनी मला ते तीनदा समजावलं, मला कळलं नाही. ताईंनी एकदा सांगितलं आणि कळलं. "हे सगळ्यांच्या पेशीत असतं, लेखनिक. तुमच्याही. त्याचं काम एवढंच की वेळ आली की पेशीला म्हणायचं, वाढ. आणि मग गप्प बसायचं. बिघडलं की गप्प बसत नाही. रात्रंदिवस वाढ वाढ म्हणून ओरडतं, आणि पेशी बिचारी ऐकते. किती ओरडतंय ते ह्या रंगावरून कळतं. फिकं असलं तर कुजबुज, गडद असलं तर बोंब." मग जरा थांबून म्हणाल्या, "आमच्या धाकट्यासारखं. बोगद्यात उतरला की गप्प बसायचं माहीतच नाही."

धाकट्याच्या मूळ गाठीचा रंग आधीच झाला होता. कोऱ्या चहासारखा गडद. शिंपीणबाईंचा ठिपका असला तर कदाचित फिका निघेल, धाकट्याचा असला तर गडद. शिवाय खोल कापल्यावर फ्लोटर पुन्हा भेटत नाही; पाहुणा एकाच काचेवर असतो. घरचा असला तर खालच्या प्रत्येक चकतीत दारात उभा. निकाल दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता.

इथे मी थांबायला हवं होतं. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. ताई ठोकळा कापायला बसल्या आणि मी लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर गेलो. धाकटा खाटेवर बसून चमच्यानं काहीतरी पांढरं पातळ खात होता. त्याची बायको खिडकीत टॉवेल वाळत घालत होती, पोरगी शाळेत गेली होती.

"अरे, बारा स्वच्छ," मी म्हणालो.

तो चमचा तसाच धरून बसला. "आणि तेरावी? ताई म्हणाली तेरा काढल्या."

"तेरावीत काहीतरी आहे, पण ते तुझं नाहीच. माझा चष्मा पडला पाण्यात. दुसऱ्याचं तुझ्यावर चिकटलं. डॉक्टरच म्हणाले. उद्या फक्त खात्री करायची."

त्यानं माझ्याकडे हात पसरला. "बघू तो चष्मा." त्यानं तो लावला, इकडे तिकडे बघितलं. माझा नंबर मोठा आहे, त्याला काही म्हणजे काही दिसलं नसणार. "काय छान दिसतंय हो सगळं," तो म्हणाला. त्याची बायको टॉवेलात तोंड घालून रडायला लागली, बरं वाटून. त्यानं लगेच मालकाला फोन लावला. "साहेब, दोन महिन्यांनी पहिल्या तारखेला हजर. हो, बोगद्यातच. टेबलाबिबलाचं नाव काढू नका." मग पायमोजा घातलेला पाय खाटेवर आपटून गाणं सुरू केलं. परिचारिका रागवायला आली आणि ऐकत उभी राहिली.

मी खाली आलो तेव्हा इतका खुशीत होतो की जिन्यानं आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी काचा ओळीनं मांडल्या. खोलवरच्या चकत्या सहा होत्या. सहाही चकत्यांत तो ठिपका होता आणि प्रत्येकीत आधीपेक्षा मोठा होत गेला होता. काठावर नव्हता, काठ ही फक्त त्याची खिडकी होती. शिंपीणबाईंची गाठ रंगात फिकी, पाण्यात पडलेल्या पावाच्या तुकड्यासारखी. तेरावीतला ठिपका कोऱ्या चहासारखा. ताईंनी स्वतः डोळा लावला, एक काच पाहिली, दुसरी पाहिली, आणि म्हणाल्या, "चकती चांगली आलीय."

मग माझ्याकडे वळल्या. "वर जाऊन काय सांगितलंत?"

मी सांगितलं. टंकयंत्रावर हात ठेवून, शाळेत उभं केलेल्या पोरासारखं.

"चला," त्या म्हणाल्या. "गोड सांगायला गेलात, आता कडू ऐकायलाही या."

ती खोली मला अजून दिसते. खाटेखाली धाकट्याची हत्यारांची पिशवी होती. सकाळीच बायकोकडून मागवून घेतली होती, पाने पुसत बसायला. ताईंनी खुर्ची ओढली नाही, उभ्यानंच सांगितलं. "तुझंच आहे. बाहेर पडलंय. एका गाठीत. सुया घ्याव्या लागतील सहा महिने."

"पण चष्मा—"

"चष्म्याचा काही संबंध नाही."

"डॉक्टर सोडून द्यायला तयार होते म्हणे." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "काका, होते ना?"

मी मान हलवली. हलवायला नको होती, पण एकदा तोंड सुटलं की मानही सुटते.

धाकटा हातातला पाना पुसत राहिला. "म्हणजे तू एवढंच म्हणायचं होतंस. पाणी घाण होतं. तीन शब्द."

"नव्हतं घाण."

"सव्वीस वर्षं एकदाही चुकली नाहीस ना? मग एकदा चुकायचीस. माझ्यासाठी." तो हसला. ते हसणं मी ओळखत नव्हतो. "बारा पुरे होत्या, ताई. तेरावी कोणी मागितली होती तुझ्याकडे?"

त्याची बायको म्हणाली, "वन्सं, तुमच्या इमानाचं लोणचं घालू का आम्ही?"

ताईंनी पिशवी खाटेखालून ओढली, उचलली आणि कोपऱ्यात ठेवली. "टाके आहेत. वजन उचलू नकोस," म्हणाल्या आणि निघाल्या.

त्या दिवसापासून धाकट्यानं त्यांचं नाव 'स्वच्छ पाणी' ठेवलं. सुयांना ताईच त्याला घेऊन यायच्या, दर पंधरा दिवसांनी, रजा टाकून. तो लांबून मला ओरडून सांगायचा, "काका, आलो आम्ही. मी आणि स्वच्छ पाणी." तिसऱ्या सुईपासून त्याला थंड वस्तू धरवेना, हाताला मुंग्या चावल्यासारखं व्हायचं. पाचव्यानंतर सदऱ्याची बटणं लागेनात. ताई व्हरांड्यात उभ्या राहून त्याची बटणं लावायच्या, आणि तो छताकडे बघत मला सांगायचा, "बघा काका, परत सहा वर्षांचा झालो."

सुया संपल्यावर तो कामावर गेला. पहिल्याच दिवशी सहाव्या मजल्यावरून त्याच्या बोटांतून स्क्रू सुटला. लिफ्टच्या बोगद्यात पडलेल्या स्क्रूचा आवाज फार वेळ येतो म्हणे, मजल्यामजल्यावर आपटत. मालक चांगला माणूस होता, त्यानं त्याला टेबलावर बसवलं, तक्रारींचे फोन घ्यायला. 'आपली लिफ्ट कोणत्या मजल्यावर अडकली आहे?' हे दिवसातून तीस वेळा. आमची अडकली की इस्पितळाचा फोन मीच करायचो, मुद्दाम. तो विचारायचा, "आपली लिफ्ट कोणत्या मजल्यावर अडकली आहे?" मी म्हणायचो, "नेहमीच्या." गाणं ऐकू आलं नाही कधी.

सव्वा वर्षानं तो रोग यकृतात सापडला. सुया घेऊनही. त्या जनुकाला सुयांचं ऐकायची सवय नव्हती, एवढंच डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी मला त्या दिवशी काही टाइप करायला दिलं नाही.

शेवटचे तीन आठवडे तो ताईंच्या घरी होता. पिवळा, पोट फुगलेलं, हातापायाच्या काड्या. मी रोज संध्याकाळी जायचो आणि एकेक विनोद सांगायचो. तो हसायचा नाही, पण थांबवायचाही नाही. एकदा त्यानं पाणी मागितलं. ताईंनी पेला ओठाला लावला. त्यानं ओठ मिटून घेतले आणि विचारलं, "स्वच्छ आहे ना?"

ताई म्हणाल्या, "हो."

मग प्यायला. हे रोज व्हायचं, प्रत्येक पेल्याला. शेवटच्या दिवशी आवाज फुटत नव्हता, तरी ओठ मिटून बहिणीकडे बघत राहिला. ताई म्हणाल्या, "हो, स्वच्छ आहे," आणि तो प्यायला. तेरा दिवसांचं सगळं उरकलं तशी त्याची बायको पोरीला घेऊन निघून गेली. जाताना माझ्याशी बोलली, ताईंशी नाही.

ताई पंधराव्या दिवशी कामावर. पाठीमागे आम्ही त्यांना धार म्हणायचं सोडून दिलं. का, ते आमचं आम्हालाही सांगता आलं नसतं. लोक मात्र बोलायचे: बाईला भावापेक्षा आपला मान मोठा. मीही कधीकधी मान हलवायचो. मान सुटलेली होतीच.

परवाची गोष्ट. मी तळघरात गेलो तर ताई पाण्याचं भांडं मोरीत ओतत होत्या. नवीन पाणी भरलं, बटण दाबलं. माझ्या हातात एक अहवाल होता, त्यातल्या एका ठोकळ्याची चकती डॉक्टरांना घाईनं हवी होती.

"अर्ध्या तासानं या," त्या म्हणाल्या. "पाणी आत्ताच बदललंय. गरम व्हायला अर्धा तास लागतो. गार पाण्यात फीत पसरत नाही."

मी बरं म्हणून निघालो. दारापर्यंत गेलो आणि थांबलो. माझा चष्मा आता दोरीनं गळ्यात असतो. तो मी हातात धरला. साबणानं काचा धुणं, सदऱ्याला पुसणं. दहा मिनिटं. फार तर बारा. आणि मी परत आलो तेव्हा तेरावी गाठ पसरून, काचेवर चढून बसली होती.

मी परत आत आलो. ताई पात्याला तेल लावत होत्या.

"ताई," मी म्हणालो, "तुम्ही त्या दिवशी पाणी बदललंच नव्हतं ना?"

त्यांनी पातं उजेडात धरून धार पाहिली.

"नव्हतं, पण तसं म्हटलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी मिळून तिथंच तपास मिटवला असता."